ख्रिस्ती ऐक्य, खुर्च्या आणि प्रार्थना

जय ख्रिस्त!

जानेवारी जवळ आला की इंदूरच्या आमच्या ख्रिस्ती ग्रुपवर दोनच विषय रंगतात. संयुक्त प्रार्थनासभा कुठे, आणि स्टेजवर कोण कोण बसणार. 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. 1908 साली अमेरिकेत सुरू झाला. 1968 पासून त्याची उपासना व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात. तिकडे ते एका टेबलाशी बसले, आणि आपलं भांडण खुर्च्यांवर!

तरी त्या सभेतली प्रभूची प्रार्थना मी चुकवत नाही. सभा हिंदीत असते. 'बुराई से बचा' पर्यंत सगळे एका सुरात, आणि तिथे कॅथलिक थांबतात. त्यांच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, इथे फादरांची वेगळी प्रार्थना असते, 'राज्य, पराक्रम, महिमा तुझाच' ही शेवटची ओळ त्यानंतर. आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रोटेस्टंट, कुठले थांबतोय, तसेच पुढे जातो. अर्धी मंडळी गप्प, अर्धी जोरात, आणि मागून पेंटेकॉस्टल भावांचं हालेलुया. पुढच्या बाकावरच्या एक कॅथलिक आजी आमच्याकडे वळून अशा बघतात, की ही ओळ आम्ही घरून लिहून आणली असावी.

आणि कोणाचंही काही बिघडत नाही.

काही जाणकार म्हणतात, आधी मतं जुळवा, मग एकत्र गुडघे टेका. बाप्तिस्मा बाळाचा की मोठ्याचा, मरियेचं काय, बिशप हवा की नको. मला हा क्रमच उलटा वाटतो. योहानाच्या 17 व्या अध्यायात, धरून नेण्याच्या थोडं आधी, प्रभू येशू त्या प्रार्थनेत शिष्यांना हुकूम सोडत नाही. तो पित्याकडे मागणं मागतो, ते सर्व एक व्हावेत म्हणून. जे त्याने मागून घ्यायचं ठरवलं, ते आपण कमिटी बसवून मिळवणार?

आमच्या सीएनआयचंच बघा. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस, म्हणजे सहा वेगवेगळे पंथ, एक होऊन ती बनली. बोलणी 1929 पासून चाललेली, म्हणजे चाळीस वर्षं! अमेरिकन मिशनचे मेथडिस्ट तर अगदी शेवटच्या घटकेला बाहेर पडले. बाप्तिस्म्याचा वाद सुटला का? छे. दोन्ही रीती चालतील असं ठरलं. पाळकांच्या दीक्षेचा पेच त्याहून अवघड होता, कोणाची खरी आणि कोणाची अपुरी. तो त्यांनी सरळ प्रार्थनेत नेला. एकमेकांवर हात ठेवले, देवाकडे मागितलं, आणि कोणाचीही आधीची दीक्षा खोटी ठरवली नाही.

आणि खरं सांगू? इंदूरला मला जी फूट दिसते ती सिद्धांताची नाहीच. ती जागेची आहे, कमिटीच्या निवडणुकांची आहे, आणि दुसऱ्याची मेंढरं पळवण्याची आहे. शेजारच्या चर्चमधलं एक कुटुंब आपल्याकडे आलं की आपण साक्ष द्यायला उभे राहतो. आपल्यातलं एक गेलं की तेच पाखंड!

कॅथलिक नन सिस्टर राणी मारियांना 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरजवळ मारलं. मारणाऱ्याला त्यांच्या घरच्यांनी क्षमा केली, सख्ख्या बहिणीने राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इथे, आपल्या इंदूरमध्ये, त्यांना धन्य घोषित केलं गेलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. आमच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. का, तर त्या 'त्यांच्या'. रक्त सांडलं ते काय फक्त कॅथलिकांसाठी?

मराठी माणसाला तर हे जड जाऊच नये. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिच्यात जागा होती. आपण तर सगळेच बाप्तिस्मा घेतलेले.

माझं म्हणणं एवढंच, की वर्षातून एकदा स्टेज सजवण्यापेक्षा दर रविवारी दुसऱ्या एका चर्चसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. आमच्या व्हाइट चर्चमध्ये कॅथलिकांच्या लाल चर्चसाठी, लाल चर्चमध्ये व्हाइट चर्चसाठी. त्यांचे फादर, आमचे पाळकसाहेब, आजारी माणसं, बोर्डाला बसलेली मुलं. ज्यांच्यासाठी महिनोन्‌महिने देवाकडे मागितलं, त्यांची मेंढरं पळवायला जरा तरी हात अडखळेल. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, बॅनर-बुके नकोत.

जानेवारीतली एक सभा आमच्या घरी ठेवायला मी तयार आहे. सगळ्यांनी या, पोहे आमच्याकडे. फक्त पोह्यांवर जिरावन, हा आमचा इंदुरी मसाला, नको म्हणणाऱ्यांशी ऐक्य कसं साधायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.