चार ग्लास, चार बोटं

रिपोर्ट हातात आला. 'जिआर्डियाच्या सिस्ट दिसल्या.' म्हणजे आतड्यात राहणारा डोळ्यांना न दिसणारा परजीवी, आणि सिस्ट म्हणजे त्याचं कवचबंद रूप. बारा दिवस सडक्या अंड्याचे ढेकर देतोय, बायको वेगळ्या खोलीत झोपते, आणि आज कारण कळलं.

जिथं जेवलो होतो, तडक त्या हॉटेलात गेलो. हायवेवरचं, संगमेश्वरच्या अलीकडचं. म्हटलं, "शेट, जिआर्डिया निघालाय."

"आमच्याकडं नाय तसला काय. बांगडा थाळी हाय."

समजावून सांगितलं, तर भिंतीकडे बोट. साईबाबांच्या शेजारी, त्याच हारात, मेडिकलचा कागद फ्रेम करून टांगलाय. अकरा कामगार, तारीख एक, पेन एक. बरं, अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांत कामगारांची वर्षाला तपासणी आहे, म्हणजे कागद टांगला की नियम पाळला! विचारलं, "पोरांची संडासाची तपासणी केली?" शेट हसला. "ती कशाला? पोरं धडधाकट हायत." अहो, तिथंच तर घोळ आहे! धडधाकट माणसाच्या पोटातही हे बिऱ्हाड करून असतं. त्याला काही होत नाही, पण नखात अडकलेल्या दहा सिस्ट मला पुरतात. सॅनिटायझरला त्या भीक घालत नाहीत, साबणाने घासून काढाव्या लागतात. आणि साबण कुठाय? "ठेवला तर गिऱ्हाईक न्हेतात."

एवढ्यात मागून पोरगा आला. हात पँटला पुसले. चार ग्लास उचलले, प्रत्येकात एक बोट, आणि माझ्यासमोर आणून ठेवले. "पाणी घ्या आजोबा."

आजोबा! एकेचाळीस वर्षांचा आहे मी.

त्या पोराला तरी काय बोलणार? मागे तांदळाच्या गोणींवर झोपतो, पोट बिघडलं म्हणून घरी बसला तर खाडा लागतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मे महिन्यात मोरीचा नळ कोरडा. शाळेतल्या मुलांना 10 फेब्रुवारीला जंताची गोळी मिळते. कांदा चिरणाऱ्याला कोण देणार? आणि तो टेबल पुसायचा फडका! त्याच फडक्याने ताटही पुसतात. हातमोजे घालून सुट्टे पैसे देणारे, आणि त्याच हातमोज्याने शेव भुरभुरवणारे, त्यांना तर...

तणतणत डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, शांत व्हा, लागण झाल्यावर त्रास सुरू व्हायला एक ते तीन आठवडे लागतात. त्या दिवसांत कुठं कुठं खाल्लंत?

स्टँडवरची मिसळ. बर्फाचा गोळा. जत्रेतली भेळ, दोनदा. मित्राच्या विहिरीचं पाणी, न उकळता, कारण 'आपलं पाणी अमृत'.

शेटची माफी मागणार नाही. साबण नाहीच त्याच्याकडे.

"आणि या बारा दिवसांत घरात स्वयंपाक कोण करतं?" डॉक्टर विचारत होते. म्हटलं, बायको. तेवढ्यात आठवलं. गेल्या रविवारी वाडीतल्या पूजेला साठ पानांची काकडीची कोशिंबीर मीच कालवली होती. हाताने. चमच्याने चव येत नाही, असं सगळ्यांना ठणकावून.

मावशीचा सकाळपासून तिसरा फोन येतोय. उचललेला नाही.