पऱ्हाट्यांचा धूर आणि डेपोचा धूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दोन ओळीत उत्तर देणं जमलं नाही, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

कचरा डेपोच्या धुरावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी लोकांना उगाच घाबरवते आहे. खान्देशातल्या बायांनी पिढ्यानपिढ्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, चुलीपुढे स्वयंपाक केला, त्यांना काही झालं नाही. छातीचे आजार विडी-सिगारेटने होतात. महामार्गाची धूळ आणि वीटभट्ट्या सोडून मी एका डेपोच्या मागे लागले आहे. तुमचं घरही डेपोपासून माझ्याइतकंच जवळ आहे, पण उन्हाळाभर तुम्हाला कधी धूर जाणवला नाही. आणि अशा लिखाणामुळे त्या बाजूच्या प्लॉटचे भाव पडतात.

चुलीपासूनच सुरुवात करते, कारण तिथेच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. माझी आजी अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात राहायची. विडीला तिने जन्मात हात लावला नाही. घरात जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. पन्नाशी उलटल्यावर भाकरी थापता थापता ती मध्येच थांबायची, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास घ्यायची, मग पुन्हा पीठ ओढायची. विहिरीवरून घरी येताना तिला तीन ठिकाणी बसावं लागे. विचारलं की म्हणायची, "वय व्हयनं आते, दम लागसच." आम्हालाही ते पटायचं. शेवटची दोन वर्षं तिला आडवं झोपता आलं नाही, भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या रात्र काढायची. म्हणजे त्या बायांना काही झालं नाही असं नव्हतं. जे झालं त्याला आपण वय म्हणत राहिलो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं : सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागण्याचा आजार, हा फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा नाही, आणि जगभराचा विचार केला तर लाकूड-शेणीच्या जळणाचा धूर हेच त्याचं सर्वांत मोठं कारण असू शकतं. माझ्या आजीला त्या नावाचा आजार होता की नाही हे कुणी तपासलंच नाही. पण चुलीच्या धुराला निर्दोष ठरवायला तिची साक्ष काढू नका, एवढंच माझं मागणं आहे.

आता डेपोचा धूर. तो चुलीच्या धुरापेक्षा वेगळा असतो, कारण जळणारी वस्तू वेगळी आणि जळण्याची तऱ्हाही वेगळी. मागच्या पौषात संध्याकाळी मी डेपोच्या कुंपणाकडून येत होते. कडेला एक पोरगा वायरींचं भेंडोळं पेटवून उकिडवा बसला होता. बारा-तेरा वर्षांचा असेल. वरचं प्लास्टिक जळालं की आतलं तांबं भंगारात विकता येतं. ज्वाळेच्या कडा हिरव्या दिसत होत्या आणि रस्त्याच्या पलीकडे उभ्या माझ्या घशाला मिनिटभरात चरचर सुटली. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी त्या दिवशी पाठ्यपुस्तकातली गोष्ट पहिल्यांदा घशात उतरली. वायरीचं प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असतं आणि पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि घशातल्या, डोळ्यांतल्या ओलाव्यात मिसळून त्याचं आम्ल होतं. ती चरचर म्हणजे हेच. त्याहून वाईट ते दिसतही नाही, झोंबतही नाही. क्लोरीन असलेला कचरा कमी आचेवर, अपुऱ्या हवेत धुमसतो तेव्हा डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात, आणि तांबं त्या क्रियेला जोर देतं. म्हणूनच कचरा जाळायच्या भट्टीत ८५० अंशांच्या वर तापमान ठेवावं लागतं. डायॉक्सिनमधला सर्वांत विषारी प्रकार आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांत टाकला. तो शरीरातल्या चरबीत साठतो आणि निम्मा व्हायला सात ते अकरा वर्षं घेतो. डेपोवर चरणाऱ्या गाई-म्हशी आपण रोज बघतो. धुराबरोबर खाली बसलेलं सगळं त्यांच्या पोटात जातं आणि दुधाच्या चरबीत उतरतं. हे दूध डेपोपासून लांब राहणाऱ्यांच्या घरीही जातं.

पोराला मी बोल लावत नाही. डेपो पेटतो तो फक्त त्याच्यामुळे नाही. ओला-सुका एकत्र टाकला की ढिगाच्या आत हवा जात नाही, तिथे कुजताना मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो. डेपोच्या वायूत साधारण निम्मा मिथेनच असतो. वर सुकं प्लास्टिक, त्यावर आपलं ४४-४५ अंशांचं वैशाखातलं ऊन. एक ठिणगी पुरते आणि आग आतल्या आत सरकत राहते. वरून टँकर ओतला की वाफ निघते, आतलं धुमसणं चालूच. ढीग पोकलेनने उकरून, पसरून, माती टाकावी लागते. मुंबईचं देवनार २०१६ च्या जानेवारीत पेटलं तेव्हा तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. २०२३ च्या मार्चमध्ये कोचीचं ब्रह्मपुरम पेटलं, ते दहा दिवसांहून जास्त जळत राहिलं.

तुम्हाला धूर का जाणवला नाही, याचं उत्तर वाऱ्यात आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचं वारं वाहतं. डेपोच्या पूर्वेला मी, म्हणून धूर माझ्या गच्चीवर. गेल्या चैत्रात सासूबाईंनी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या होत्या. दुपारी उलटायला गेल्या तर प्रत्येक बिबडीवर मोहरीच्या दाण्याएवढी काजळीची फुलं. बोट लावलं की पसरायची. त्यांनी अर्धा घाणा गुरांपुढे टाकला, आणि गुरांनाही का द्यावा असं मला नंतर वाटलं. पण ती काजळी दिसत तरी होती. छातीत खोलवर जाणारे कण २.५ मायक्रॉनहून लहान, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे. ते फुप्फुसाच्या तळाशी पोचतात, सर्वांत बारीक असलेले रक्तातही उतरतात, म्हणून हृदयविकार आणि पक्षाघाताशीही त्यांचा संबंध आहे. गरोदर बाईच्या छातीत हे कण जात राहिले तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. तान्हं मूल मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट वेगाने श्वास घेतं, म्हणून त्याच्या वाट्याला जास्त येतं. उन्हात आपण तोंडाला बांधतो तो रुमाल उन्हाच्या झळेपुरता ठीक, या कणांना तो अडवत नाही.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. मागच्या लेखात "डेपोमुळे कॅन्सर वाढतोय" असं एक वाक्य मी लिहिलं होतं. आपल्या गावातल्या रुग्णांची नोंद हातात नसताना ते लिहायला नको होतं. आज ते काढून टाकलं आहे. बाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगाला कारण ठरतं, हे त्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केलं, पण त्यावरून शेजारच्या अमक्याचा आजार डेपोनेच झाला असं म्हणता येत नाही. विडीबद्दलही तुमचं खरं आहे, धूळ-भट्ट्यांबद्दलही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या खराब हवेच्या शहरांत जळगावचं नाव आलं ते फक्त कचऱ्यामुळे नाही. पण भाऊ, ही कारणं एकमेकांतून वजा होत नाहीत. धूळ, भट्टी, विडी आणि डेपो सगळं त्याच एका छातीत जमा होतं. आणि यातलं डेपोचं जळणं थांबवायला नवा शोध लागायची गरज नाही. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या डिसेंबरपासून हरित लवादाची देशभर बंदी आहे, साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या ढिगाला पंचवीस हजार दंड. इंदूरने देवगुराडियाचा सुमारे तेरा लाख टनांचा जुना ढीग २०१८ मध्ये चाळून मोकळा केला. धुळ्याहून आग्रा रोडने सरळ गेलं की ते इंदूर.

प्लॉटच्या भावाचं मला खरंच वाईट वाटतं. तुम्ही कष्टाचे पैसे घातले असणार. पण भाव धुरामुळे पडतो. मी न लिहिल्याने धूर कमी होणार नाही, आणि जो घेणारा संध्याकाळी जागा बघायला येईल त्याला नाक आहेच.

मी तीनदा तक्रार दिली. पोचपावती मिळाली, उत्तर एकदाही नाही. एकदा तर समोरच्याने विचारलं, "मॅडम, बाकी कुणाची तक्रार कशी नाही?" म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. आता थंडी सुरू होईल. वारं उत्तर-पूर्वेकडून येऊ लागेल, रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन धूर वर चढणार नाही, तो पसरेल आणि तुमची कॉलनी डेपोच्या नैऋत्येला आहे. कार्तिक संपल्यापासून पहाटे साडेपाच-सहाला खिडकी उघडून बघा. वास आला तर कॅलेंडरवर तारखेला खूण करा, तारीख-वेळ दिसेल असा एक फोटो काढा. महिनाभर वास आलाच नाही तर तेही लिहून ठेवा, मी तुमच्या नोंदी जशाच्या तशा इथे छापेन. आला, तर पुढच्या तक्रारीवर माझ्या सहीखाली तुमचीही सही लागेल.