‘नर पिल्लं मारतच नाहीत’ म्हणणाऱ्या मेसेजला एका अंडेवाल्याचं उत्तर

आमच्या पेठेच्या ग्रुपवर एक मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा फिरून आला. मजकूर असा: “जर्मनीत नर पिल्लं मारायला बंदी आली म्हणून आपल्याकडेही काही जण नाटकं करायला लागलेत. आपल्याकडे नर पिल्लं मारतच नाहीत, त्यांचं चिकन होतं. अंड्यात नर आहे की मादी, हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. असली बंदी आली तर अंडं वीस रुपयांना जाईल. एवढीच दया येत असेल तर गावरान अंडी खा.” खाली अंगठ्यांची रांग. त्यातले चार-पाच अंगठे माझ्याच गिऱ्हाइकांचे.

सोलापुरात विजापूर वेशीकडे माझं अंड्यांचं दुकान आहे, ठोक आणि किरकोळ. रोज पेट्या फोडून पोट भरणारा माणूस मी, दयेचं सोंग आणायची मला गरज नाही. पण या मेसेजमधली एकही ओळ धड नाही.

आधी चिकनचं. आपण खातो ते ब्रॉयलर. त्याचं बेणंच वेगळं, मांसासाठी तयार केलेलं. सहा आठवड्यांत तो दोन किलोच्या वर जातो. अंडी देणाऱ्या लेयरचा भाऊ तेवढ्याच दिवसांत अर्ध्या किलोच्या आसपास घुटमळतो. त्याला वजनावर आणायचं तर तीन-चार महिने दाणा घाला, आणि तरी अंगावर मांस बेताचंच. काही ठिकाणी वाढवून विकतात, नाही असं नाही. पण बहुतेकांचा निकाल हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढतात तिथेच, पहिल्या दिवशी लागतो. पिल्लाचा पंख उलगडून बघतात. पिसं एक लांब, एक आखूड अशी असली तर मादी. कात्रीने कापल्यासारखी एका ओळीत असली तर नर. मादी शंभराच्या खोक्यात, नर पिंपात. जगभरात वर्षाला 600 ते 700 कोटी नर पिल्लं अशी संपवतात, परदेशात दळून किंवा गॅसने. आपल्याकडच्या हॅचऱ्यांमधून प्राणीप्रेमी संघटनांनी जे चित्रण बाहेर आणलं, त्यात बुडवणं आणि गुदमरवणंही दिसतं.

पिंपातून सुटलेली काही पिल्लं तुम्ही स्वतः बघितलेली आहेत. गड्ड्याच्या यात्रेत खोक्यात हिरवी, गुलाबी, जांभळी पिल्लं विकायला असायची, आठवतं का? मी चौथीत असताना हिरवं घेतलं होतं. बुटाच्या खोक्यात चिंध्या घालून ठेवलं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, हे कुणाला ठाऊक? जानेवारीच्या थंडीत ते तिसऱ्या सकाळी ताठ झालेलं सापडलं. शेजारच्या पोराचं जगलं. त्याचा रंग उडाला, पांढरी पिसं आली आणि डोक्यावर लालभडक तुरा. आम्ही सगळे अंड्याची वाट बघत होतो!

आता ब्रह्मदेव. माझी आजी मोहोळकडची. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना ती निवडायची, टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोलसर अंड्यातून तलंग. निघायचं तेच निघायचं, पण आजीचं खरं ठरलेलं तेवढंच आमच्या कानावर यायचं. आज मात्र हे खरोखर कळतं. उबवणीचे 21 दिवस असतात. एका पद्धतीत नवव्या दिवशी लेझरने कवचाला बारीक भोक पाडून थेंबभर द्रव काढतात आणि त्यातलं हार्मोन तपासतात. अशा कोंबड्यांची अंडी बर्लिनच्या दुकानांत 2018 पासून मिळतात. दुसऱ्या पद्धतीत बाराव्या-तेराव्या दिवशी कवचातून प्रकाश टाकून आतल्या पिसांचा रंग बघतात. तिसरीत चक्क अंड्याचा एमआरआय काढतात. नर निघालेली अंडी तिथेच बाजूला काढून पशुखाद्याकडे जातात. जर्मनीची बंदी 1 जानेवारी 2022 पासूनची. आतल्या जिवाला वेदना कधीपासून कळते, यावर म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने काम केलं. तेराव्या दिवसाच्या आधी त्याची खूण मिळाली नाही, म्हणून कायद्याची रेषा बाराव्या दिवसावर ओढली गेली.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि मेसेजवाल्याला ती सुचलीच नाही. पिसांच्या रंगाची पद्धत तपकिरी लेयरलाच चालते, कारण तिथे नर पांढरा आणि मादी तपकिरी. आपल्याकडे मुख्यतः पांढरी लेयर, तिची पिल्लं सगळी एकाच पिवळ्या रंगाची. फ्रान्सने बंदी घातली, तरी पशुखाद्यासाठी पांढऱ्या लेयरचे नर मारायला सूट ठेवली. आपल्याला थेंब तपासणारं किंवा एमआरआयचं यंत्र लागेल, आणि ते मोठ्या हॅचरीलाच परवडेल.

वीस रुपयांचं म्हणाल तर हिशेब करू. यंत्राचा खर्च पडतो एका मादीमागे, आणि ती मादी आयुष्यात तीनशेवर अंडी देते. जर्मनीत अंड्यामागे एक-दोन सेंट वाढले, म्हणजे आपले रुपया-दोन रुपये. हे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. सात रस्ता चौकातल्या भुर्जीवाल्याला ट्रेमागे तीस-साठ रुपये जास्त म्हणजे जास्तच. पण श्रावणातला आणि थंडीतला दर यांत शेकड्याला शंभर-दीडशेचा फरक मी दरवर्षी बघतो. तेव्हा कुणी अंडी सोडत नाही.

राहिलं गावरान. तपकिरी कवच म्हणजे गावरान नव्हे, हे दिवसातून दहा वेळा सांगतो. पिंजऱ्यातल्या तपकिरी लेयरचे भाऊही पिंपातच जातात. खऱ्या गावठी कोंबडीच्या बाबतीत मेसेजवाला अर्धा बरोबर आहे. तिथे कोंबडा वाया जात नाही, उलट आखाडात आणि नवसाला त्याला कोंबडीपेक्षा जास्त भाव. पण ती वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार. सोलापूरचं एका दिवसाचं भागायचं नाही. मधला रस्ता हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलाय. वनराजा परसात वर्षाला शंभर-एकशेदहा अंडी देते, ग्रामप्रिया 160 ते 180, आणि दोन्हींचे नर कापायला चालतात. पिंजऱ्यातली लेयर सव्वातीनशेवर जाते, म्हणून परसातली अंडी महागच राहणार. पण सांगोला-मंगळवेढ्याकडच्या परसात दहा-वीस पक्षी पाळणाऱ्याला यापेक्षा चांगलं काही नाही.

जर्मनीतही सगळं गोड नाही. काही हॅचऱ्यांनी धंदा सीमेपलीकडे नेला, मांसासाठी वाढवायचे लेयरचे नर, म्हणजे ‘भाऊ कोंबडे’, वाढवायला पोलंडला पाठवले गेले. आणि आपल्याकडचा कायदा? प्राण्याला विनाकारण यातना दिल्या तर 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत माझ्या दुकानात डझनभर अंडी येत नाहीत.

परवा माल घेऊन आलेल्या पोल्ट्रीवाल्याला विचारलं, तुमच्या हॅचरीत असलं यंत्र येणार आहे का? तो हसला. “मालक, गिऱ्हाईक विचारत नाही, तर हॅचरीवाला कशाला आणेल?”

म्हटलं, “मी तुझं गिऱ्हाईकच की. विचारतोय.”

“बघू,” म्हणाला आणि पेट्या मोजायला लागला.