निवेदन, फोटो आणि ‘दलाल’ : त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात करसल्लागारांच्या तीन ग्रुपांवर मला एकच मेसेज आला. वर ‘कटू सत्य’ असं शीर्षक, खाली हात जोडलेले दोन इमोजी. थोडक्यात म्हणणं असं: करसल्लागारांच्या संघटनेची निवेदनं रद्दीत जातात. कराची कागदपत्रं भरायला मुदतवाढ मिळते ती सरकारचं ऑनलाइन पोर्टल बसलं म्हणून. सरकारदरबारी पाठपुरावा करणारा पदाधिकारी म्हणजे इस्त्रीच्या शर्टातला दलाल. आणि हा सगळा खटाटोप आपली फी शाबूत राहावी म्हणून, व्यापाऱ्याचं त्यात काही नाही.

आमच्या संघटनेकडून हा पाठपुरावा मीच करतो, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

फोटोची कबुली आधीच देतो, म्हणजे तो विषय संपेल. एक कागद, त्याला आठ हात लागलेले, मधे मंत्रिमहोदय, आणि मागून चवड्यांवर उभं राहून डोकावणारे दोघं. असे फोटो आम्ही काढतो आणि ग्रुपवर टाकतोही. त्यातून काही होत नाही हे खरं. पण काम त्या फोटोत नसतंच.

‘निवेदनं रद्दीत जातात.’ काही जातात, आणि त्यांची लायकीही तीच असते. माझं पहिलं निवेदन चौदा पानांचं होतं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’पासून ‘तीव्र असंतोष’पर्यंत त्यात सगळं होतं. समोरच्या अधिकारी बाईंनी थेट शेवटचं पान उघडलं, मग मागून पुढे चाळत आल्या आणि म्हणाल्या, “अन्याय समजला. कलम कुठलं बदलायचं, आणि बदलून काय लिहायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा मात्र मिळाला.

तेव्हापासून आम्ही एका पानाचा तक्ता देतो. डावीकडे कायद्यातली आजची शब्दरचना, मधे आम्ही सुचवलेली, उजवीकडे महसुलावर होणारा परिणाम. खाली पाच-सहा खऱ्या केसेस, नाव आणि जीएसटी नंबर खोडून. असा कागद अधिकाऱ्याला आपल्या टिपणीला जसाच्या तसा जोडता येतो. मग आवक क्रमांक घ्यायचा, पोच जपून ठेवायची, महिन्याभरानं फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायचं. साहेबांची बदली झाली की पुन्हा श्रीगणेशा.

याचं फळ केव्हा मिळतं? जीएसटी कायद्याचं कलम १६(४) घ्या. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे विक्रीवरच्या करातून मिळणारी त्याची वजावट, ठरावीक तारखेनंतर घेता येत नाही, असं हे कलम सांगतं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा पोर्टल नवं, फॉर्म नवे, आणि खरेदीचा तपशील भरायचा फॉर्म जीएसटीआर-२ तर त्याच वर्षी गुंडाळून ठेवावा लागला. त्या गोंधळात अनेकांचं ३बी, म्हणजे कर भरायचं नेहमीचं विवरणपत्र, उशिरा गेलं. त्यांनी लेट फी भरली, व्याज भरलं, आणि पुढे नोटीस आली की तुमचं क्रेडिटच नामंजूर. माझ्याकडे एक हार्डवेअरवाले काका यायचे. बिलांची पिशवी टेबलावर उपडी करून म्हणाले, “कंपनीला टॅक्स मी दिला, कंपनीनं तो सरकारला दिला. आता परत मीच देऊ?” आमच्या तक्त्यातली पहिली केस ती.

२२ जून २०२४ रोजी जीएसटी परिषदेच्या (केंद्र आणि राज्यांचे मंत्री मिळून जीएसटीचे निर्णय घेतात ती) ५३व्या बैठकीत यावर शिफारस झाली. त्या वर्षीच्या वित्त कायद्यानं कलम १६(५) आणलं, तेही २०१७पासून लागू करून: २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२१पर्यंत भरलेल्या विवरणपत्रात घेतलेलं असेल, तर ते चालेल. आमच्या तक्त्यानं हे घडवलं असं म्हणायला मी वेडा नाही. देशभरच्या संघटना लिहीत होत्या, उच्च न्यायालयांत याचिका होत्या. पण रद्दीत गेलेल्या विषयावर सात वर्षांनी मागच्या तारखेपासून कायदा बदलत नाही. यश अर्धंच, हेही सांगून टाकतो. ज्यांनी नोटिशीला घाबरून आधीच पैसे भरले, त्यांना परतावा नाही, असं त्याच वित्त कायद्यात लिहून ठेवलंय. म्हणजे जो भांडत बसला तो सुटला आणि जो मुकाट्यानं भरून मोकळा झाला तो अडकला. काकांनी भरले होते.

‘मुदतवाढ पोर्टल बसल्यामुळे मिळते.’ २०२५चा सप्टेंबर आठवा. हा विषय आयकराचा. टॅक्स ऑडिटची, म्हणजे आयकरासाठी हिशेब तपासून अहवाल देण्याची, मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबरवर गेली. तेव्हा आयकराचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं पोर्टल सुरळीत चाललंय, अहवाल अपलोड होताहेत, असं मुद्दाम सांगितलं होतं. कारण म्हणून व्यावसायिक संघटनांची निवेदनं नमूद होती, त्यांत पूर आणि नैसर्गिक आपत्तींचा उल्लेख होता, आणि प्रकरण उच्च न्यायालयांपुढे गेल्याचंही म्हटलं होतं. राजस्थान उच्च न्यायालयात गेलेली मंडळी म्हणजे तिथल्या टॅक्स बार असोसिएशनच.

आता फीचा मुद्दा. इथे फॉरवर्डवाल्यानं हिशेब उलटा मांडलाय. कायदा जितका किचकट, तितकी आमची फी जास्त. तरी छोट्या व्यापाऱ्याला वार्षिक विवरणपत्रातून सोडा, ही मागणी आम्हीच करत होतो. सप्टेंबर २०१९मध्ये गोव्यात झालेल्या परिषदेच्या बैठकीत २ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी हे वार्षिक विवरणपत्र, जीएसटीआर-९, ऐच्छिक झालं. त्या संध्याकाळी आमच्याच एका सभासदानं मला फोन करून “पोटावर पाय दिलात” म्हणून सुनावलं. आणि सरकार आमच्या खिशाची काळजी घेतं म्हणावं, तर २०२१मध्ये जीएसटीआर-९सीवरचं (वार्षिक विवरणपत्र आणि हिशेब यांचा ताळमेळ दाखवणारा फॉर्म) सीएचं प्रमाणीकरणच काढून टाकलं. करदात्यानं स्वतःच सही करायची. वजनदार म्हणतात त्या सीए मंडळींचं हे काम गेलं.

राहिला ‘दलाल’. दलाल आहेत, नाही कोण म्हणतं? कुणाचा रिफंड अडकला, कुणाची नोंदणी रद्द झाली, अशा एकेका फाईलभोवती ते घुटमळतात. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, तरी घुटमळतात. पण नियम बदलायचा असेल तर पाकीट द्यायचं कुणाला? जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक-तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश लागतात. एकटं केंद्र काही करू शकत नाही, केंद्राला सोडून राज्यंही नाहीत. तिथे ओळखीपेक्षा तक्ता बरा पडतो. शिवाय बदललेला नियम वर्गणी न भरणाऱ्यालाही लागू होतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्यालासुद्धा.

सध्या मी काकांसारख्यांची यादी करतोय. १६(४)च्या नोटिशीवर ज्यांनी आधीच रक्कम भरली, त्यांची. नोटिशीची तारीख, आर्थिक वर्ष, भरलेली रक्कम आणि चलनाची तारीख एवढंच हवंय. नाव-गाव खोडून पाठवा. ४१ केसेस जमल्यात, शंभर झाल्या की पुढचा तक्ता.