चिरंजीवांच्या हाताला ग्रीस लागू नये म्हणून

दहावीचा निकाल लागला की बडोद्यातल्या एखाद्या चांगल्या मराठी घरावर असा प्रसंग येऊ शकतो. पेढे वाटून होतात आणि मुलगा म्हणतो, "बाबा, मला कारखान्यात शिकाऊ म्हणून जायचंय. पगारही देतात." घाबरू नका. आमच्याकडे पुतण्याच्या रूपानं हे येऊन गेलंय, तेव्हा चार गोष्टी अनुभवाच्या सांगतो.

आधी 'पगार' हा शब्द दुरुस्त करा. त्याला स्टायपेंड म्हणतात. २०१९ च्या नियमांत दहावी पास शिकाऊ मुलाला महिन्याला किमान ६,००० रुपये ठरवले, आणि दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के वाढ. सोळाव्या वर्षी घरात पैसे आणणारा मुलगा! दांडिया बाजारात तोंड कुठे दाखवणार? त्यापेक्षा तेवढेच, जमल्यास दुप्पट, दरमहा कोचिंग क्लासला भरा. मुलाच्या शिक्षणापायी पैसे गेले की लग्नकार्यात चारचौघांत सांगता येतं. आले तर कुजबुज होते.

मग कायदा पुढे करा, पण वाचू नका. १९६१ चा अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट वाचलात तर पंचाईत होईल. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला शिकाऊ म्हणून घेता येतं, धोकादायक उद्योगांत मात्र अठरा लागतात, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तुम्ही फक्त "बालमजुरी आहे ही!" एवढंच म्हणा आणि पंखा वाढवा. याच कायद्याखालच्या नियमांत आणखी एक गंमत आहे. सरकारच्या शिकाऊ-सल्लागाराच्या (अ‍ॅप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरच्या) मंजुरीवाचून शिकाऊ मुलाला रात्री १० ते सकाळी ६ या वेळात कामाला लावता येत नाही. सकाळी साडेपाचची बॅच गाठायला निघालेला आणि रात्री अकराला टेस्ट सिरीज सोडवत बसलेला तुमचा मुलगा अशा कुठल्याही नियमाच्या तावडीत सापडत नाही, ही केवढी सोय.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट: कराराचा कागद. मुलगा अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीनं पालकाची सही लागते. म्हणजे किल्ली तुमच्याच हातात आहे. कागद कपाटात, विम्याच्या पॉलिशांखाली ठेवा. आमच्या दादानं तो फ्रिजवर ठेवला, लाइट बिलाच्या शेजारी. बिलं वहिनी भरते. पालक म्हणजे वडीलच, असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं. पुढचं तुम्ही समजलात.

सही होऊन गेली तरी धीर सोडू नका. पहिल्या महिन्यातच मुलगा कंटाळून परत येईल अशी आशा धरा. आमच्या पुतण्याच्या हातात सुरुवातीला काय दिलं असेल? संगणक? रोबो? कानस दिली. व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा घट्ट धरायचा आणि घासायचा. घासून झाला की त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, टेकवून उजेडाकडे धरायचा. मधून उजेडाची रेघ दिसली तर पृष्ठभाग वाकडा, पुन्हा घास. तिसऱ्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आले, ते पाहून दादा मनातून खूश झाला होता. आठव्या दिवशी पोरगा जेवताना वाटीची कड डोळ्यासमोर धरून बघत होता. "हिला उजेड दिसतोय," म्हणाला. मुलगा हातातून गेला हे मला तेव्हाच कळलं.

माझं उदाहरण मात्र त्याला कधीही सांगू नका. मी चार वर्षं फी भरून इंजिनिअर झालो आणि मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्यात लागलो. पहिल्याच दिवशी तिथल्या जुन्या फिटरनं माझ्या हातात बारीक माप घ्यायचं व्हर्नियर आणि एक शाफ्ट दिला. मी ऐटीत माप वाचलं, "चोवीस." तो हसला नाही, हे त्याचे उपकार. एवढंच म्हणाला, "साहेब, फरीथी जुओ." पुन्हा बघा. माप २४.६२ होतं. एक-दोन शतांश मिलिमीटरवरून जॉब भंगारात जातो अशा ठिकाणी मी बासष्ट शतांश खिशात घातले होते. व्हर्नियरवर मला परीक्षेत पाचपैकी पाच मार्क होते. आकृती सुबक काढली होती.

बडोद्यात राहून हे सगळं टिकवायचं तर कलाभवनावरून जाताना मान दुसरीकडे वळवायला शिका. ही वास्तू आपल्या मुद्द्याला फार बाधक आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये ते काढलं, त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनशास्त्राच्या माणसाला हाताशी धरून, आणि रंगाई, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला हे सगळं एका छपराखाली शिकवलं. नाशिककडचे धुंडिराज फाळके तिथे शिकले, आणि पुढे या देशाला सिनेमा करून दाखवला. हातानं काम करणाऱ्याचं असं होतं बघा. महाराजांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड ठेवला. पोराला वर्कशॉपात न धाडणाऱ्या बापालाही दंड करायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही, हे आपलं नशीब. महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला हरकत नाही. हार घालताना हात खराब होत नाहीत.

शाळेचीही मदत घ्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवलेत, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन काम पाहण्यासाठी. दहा अख्खे दिवस! फाउंडेशन कोर्सचा मागे पडलेला अभ्यास भरून काढायला अशी संधी पुन्हा येत नाही.

कारखानदार मंडळींनाही दोन शब्द, कारण पालकांचा विश्वास त्यांच्याच जिवावर टिकून आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. शंभर माणसांमागे कमीत कमी अडीच. दोघांना पॅकिंगला बसवा आणि उरलेल्या अर्ध्याकडून चहा मागवा. शिकाऊ म्हणजे कामगार नव्हे, असं कायदाच म्हणतो, त्यामुळे त्याला काही शिकवलंच पाहिजे असा गैरसमज करून घेऊ नका. वर्षभर खोक्यांवर लेबलं चिकटवून पोरगा घरी गेला की त्याचे वडील सगळ्या गल्लीला सांगतात, "मी म्हणत नव्हतो?" थट्टा बाजूला ठेवून सांगतो, असे कारखाने मी पाहिलेत, आणि तिथल्या मुलांच्या आईबापांपुढे माझ्याकडे उत्तर नसतं. पुतण्याला कानस हातात देणारा माणूस भेटला, हा नशिबाचा भाग. पण हे दादाला सांगू नका.

दादाला आजकाल एकच चिंता आहे. आमच्या जुन्या वाड्याचं दार दर पावसाळ्यात फुगतं आणि कडी कोयंड्यात बसत नाही. गेली अकरा वर्षं रात्री दाराला पाटा लावून झोपायची पद्धत आहे, आईच्या वेळेपासूनची. परवा रविवारी सेवउसळ खाऊन झाल्यावर पुतण्यानं स्वतःची कानस आणली, कोयंड्याचं भोक एका अंगानं घासलं, दोनदा कडी घालून पाहिली, पुन्हा घासलं. वीस मिनिटं लागली असतील. कडी आता बोटानं सरकवली तरी बसते.

तुमच्याकडे असं काही झालं तर पाटा जागेवरून हलवू नका. आणि पाहुण्यांनी विचारलंच, तर सुतार येऊन गेला म्हणा.