अलास्काच्या आखातातली ती रेषा दोन महासागरांची नव्हे

एका बाजूला गडद निळे पाणी, दुसऱ्या बाजूला दुधाळ, गढूळ पाणी आणि मधोमध फेसाची नागमोडी रेषा, असे छायाचित्र गेली कित्येक वर्षे मोबाइलवरून मोबाइलवर फिरत आहे. सोबतच्या मजकुराचा सारांश असा, की अलास्काच्या आखातात अटलांटिक आणि प्रशांत हे दोन महासागर भेटतात, परंतु क्षारता आणि घनता वेगळी असल्यामुळे त्यांचे पाणी एकमेकांत कधीच मिसळत नाही. असे दृश्य त्या आखातात खरोखर दिसते, त्यामुळे छायाचित्रावर शंका घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो मजकुरावर.

ठिकाणाचा दावा नकाशा उघडताच निकालात निघतो. अलास्काचे आखात सर्वस्वी प्रशांत महासागरात आहे आणि अटलांटिक तिथून अख्ख्या उत्तर अमेरिका खंडाच्या पलीकडे आहे. हे दोन महासागर भेटतात ते दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, हॉर्न भूशिर आणि अंटार्क्टिका यांच्या दरम्यानच्या सुमारे ८०० किलोमीटर रुंद ड्रेक सामुद्रधुनीपाशी. हॉर्न भूशिरावरून जाणारे रेखावृत्त ही त्यांची सीमा मानली जाते. ती माणसांनी सोयीसाठी ठरवलेली असल्याने पाण्यावर तिचा मागमूसही नसतो. उलट याच सामुद्रधुनीतून अंटार्क्टिकाला वळसा घालणारा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे सेकंदाला १३ कोटी घनमीटरहून अधिक पाणी वाहून नेतो, म्हणजे जगातील सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढे पाणी ओततात त्याच्या शंभरपटीहून जास्त. जिथे हे महासागर खरोखर भेटतात, तिथे एकाचे पाणी अहोरात्र दुसऱ्यात जात असते.

मग छायाचित्रातली रेषा कसली? अलास्काच्या किनाऱ्यामागील डोंगरांत प्रचंड हिमनद्या आहेत. त्या सरकताना तळाचा खडक जात्यासारखा भरडतात आणि त्यातून करड्या रंगाचे, टाल्कम पावडरीइतके बारीक पीठ तयार होते. उन्हाळ्यात बर्फ वितळले की कॉपर नदीसारख्या नद्या हे पीठ समुद्रात आणतात. कण इतके सूक्ष्म असतात की ते लवकर तळाशी बसत नाहीत आणि पाणी दुधाळ दिसते. नदीचे गोडे, हलके पाणी खाऱ्या पाण्यावर पसरत जाते आणि जिथे त्याची कड खुल्या समुद्राच्या पाण्याला भिडते, तिथे दोन्हीकडचे पृष्ठभागावरचे पाणी एकत्र येऊन खाली वळते. फेस, समुद्री शेवाळ, लाकडाचे तुकडे मात्र तरंगतच राहतात आणि त्या कडेवर गोळा होतात. फेसाची ती ओळ म्हणजे भिंत नव्हे. पाणी तिथून खाली जात असल्याची ती खूण आहे. वारा, भरती-ओहोटी आणि भोवऱ्यांबरोबर ती सरकते, तुटते, पुन्हा जुळते. हिवाळ्यात नद्या रोडावल्या की रंगातला फरकही फिका पडतो.

घनतेचा मुद्दा मात्र निव्वळ थाप नाही, आणि मजकूर पटतो तो बहुधा त्यामुळेच. घनतेतील फरकामुळे मिसळण्याची क्रिया मंदावते, हे खरे आहे. ब्राझीलमध्ये मानाउस शहराजवळ रिओ नेग्रोचे काळे आणि सोलिमोइशचे मातकट पाणी तापमान, वेग आणि घनता भिन्न असल्यामुळे सुमारे सहा किलोमीटर शेजारी-शेजारी वाहते. पण पुढे ते एक होतेच. भूमध्य समुद्राचे जास्त खारे, जड पाणी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून तळालगत अटलांटिकमध्ये उतरते आणि वाटेत भोवतालचे पाणी सामावून घेत सुमारे एक हजार मीटर खोलीवर पसरते. ‘उशिरा मिसळते’ या विधानाचे ‘कधीच मिसळत नाही’ असे रूपांतर झाले, तिथे मजकूर घसरला.

शिवाय महासागर मिसळतात की नाही, याचा निवाडा छायाचित्रावरून करावाच लागत नाही, कारण त्याचा पुरावा खुद्द मिठात आहे. ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले आणि रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिट्मार यांनी त्यांतील ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षारांचे एकूण प्रमाण ठिकाणागणिक कमी-जास्त होते. मात्र त्या क्षारांचे आपसांतील गुणोत्तर खुल्या समुद्रात सगळीकडे जवळजवळ सारखेच निघाले. पाणी अटलांटिकचे असो वा प्रशांतचे, विरघळलेल्या क्षारांच्या वजनात सुमारे ५५ टक्के क्लोराइड आणि ३० टक्क्यांच्या आसपास सोडियम असते. दोन महासागरांचे पाणी युगानुयुगे वेगळे राहिले असते, तर निरनिराळ्या खडकांवरून वाहत येणाऱ्या निरनिराळ्या नद्यांनी त्यांच्या क्षारांची घडणही निरनिराळी करून ठेवली असती.