दुष्फेन पाण्याचे लाभधारक

आमच्या सोसायटीच्या नळाला जे येतं त्याला पाणी म्हणायचं ते केवळ जुन्या सवयीने. निम्मं बोअरचं, निम्मं टँकरचं. बादलीच्या कडेला आपोआप पांढरी रांगोळी उमटते, शॉवरच्या छत्तीस भोकांपैकी सात चालू असतात आणि साबणाला फेस यावा म्हणून हात असे चोळावे लागतात की शेवटी फेस आपल्याच तोंडाला येतो. मागे आरओ विकायला एक मुलगा आला होता. त्याने पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवला, ७४० हा आकडा पाहिला आणि आयसीयूबाहेर डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तशा नजरेने माझ्या बायकोकडे पाहिलं.

या पाण्यात मी निऑन टेट्रा सोडले होते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला नाजूक जीव, त्याला मऊ, जरासं आम्लधर्मी पाणी लागतं. बारा आणले, चार दिवसांत एकही उरला नाही. तेव्हा माशांचा नाद असलेला भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या पाण्यात आफ्रिकन सिक्लिड ठेवा. मालावी सरोवरातले. त्यांना असंच पाणी लागतं." मी शोध घेतला. खरंच! पाणी जड हवं, पीएच पावणेआठ ते साडेआठ. ते कमी पडलं तर लोक पदरचे पैसे घालून टाकीत शंखशिंपल्यांचा चुरा टाकतात. शाळेत दुष्फेन पाण्याचे तोटे लिहा म्हणून पाच मार्कांचा प्रश्न यायचा. फायदे कोणी कधी विचारलेच नव्हते. वाया गेलेला मुलगा एकदम फौजेत भरती व्हावा, तसा मी आमच्या नळाकडे बघून गहिवरलो.

आता प्रश्न राहिला, कोणते घ्यायचे. मालावीत सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत. त्यातल्या खडकांत राहणाऱ्यांना तिकडे म्बुना म्हणतात (उच्चारताना आधी तोंड मिटून घ्यावं लागतं, मग जमतं). नवशिक्यासाठी भाच्याने तीन नावं लिहून दिली. यलो लॅब, म्हणजे अंगभर पिवळा आणि पाठीच्या परावर काळी रेघ, या खानदानातला त्यातल्या त्यात सज्जन. दुसरा रस्टी, गंजलेल्या जांभळट रंगाचा, गरीब स्वभावाचा. तिसरा सॉलोसी: नर निळा, मादी पिवळी, आकाराने लहान. एका नरामागे निदान तीन माद्या हव्यात, असंही त्याने लिहिलं होतं. ही ओळ बायकोने मोठ्याने दोनदा वाचली.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी आणली. पाणीच अडीचशे लिटर, म्हणजे अडीचशे किलो, वर दगड. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ त्यांच्या दिवाणखान्याचं छत बघून गेले. मग महिनाभर नुसतं पाणी फिरवत बसलो. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये आधी वसवावे लागतात. म्हणून रोज चिमूटभर खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं. येणारा प्रत्येक पाहुणा काचेला नाक लावून विचारायचा, "मासे कुठायत?" मी म्हणायचो, "अजून जीवाणू तयार होतायत." दुसऱ्यांदा चहाला कोणी आलं नाही.

दुकानात मी यादी पुढे केली. दुकानदाराने ती वाचली नाही. "आफ्रिकन ना? हे अ‍ॅसॉर्टेड घ्या. सगळे एकत्र राहतात. काही नाही होत." आपल्याकडे 'काही नाही होत' हे ज्या गोष्टीबद्दल म्हणतात, तिथे नक्की काहीतरी होतं, हे मला या वयात कळायला हवं होतं. पण त्याच्या टाकीत एक सोनेरी पिल्लू होतं, अंगावर काळे पट्टे. यादीतल्या दहा लॅबच्या सोबत तेही मी घेतलं.

त्याचं नाव ऑराटस. मोठं होताना या जातीचा वरचढ नर सोनेरीचा काळपट होतो. आमचाही झाला, आणि त्यासरशी त्याचा स्वभावही काळवंडला. डाव्या कोपऱ्यातला दगड त्याचा. मग मधला. मग टाकी. सोसायटीत स्टिल्टखालच्या पार्किंगवरून जे चालतं तेच, फक्त इथे वॉचमन नाही. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "दगडांची जागा बदला, सगळ्यांच्या हद्दी पुसल्या जातात. आणि मासे वाढवा. गर्दी असली की मार वाटला जातो." गर्दीत मार वाटला जातो, हे लोकलने प्रवास केलेल्याला समजावावं लागत नाही. दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी त्याने नव्या पार्किंगचाही सातबारा स्वतःच्या नावावर केला.

शेवटी त्याला पकडायचं ठरलं. त्यासाठी चाळीस किलो दगड बाहेर काढावे लागले. हॉलमध्ये ते मांडल्यावर घराचं बांधकाम चालू असल्यासारखं दिसत होतं. दुकानदाराने त्याला हसत परत घेतलं, पैसे दिले नाहीत आणि माझ्यादेखत 'अ‍ॅसॉर्टेड' लिहिलेल्या टाकीत सोडलं.

त्यानंतर घर नांदतं झालं. एक पिवळी मादी खाईना, गालही फुगलेले. मी गालगुंडाचं निदान करून मोकळा झालो. बायको दोन मिनिटं बघून म्हणाली, "तोंडात काहीतरी धरलंय तिने." अंडी होती! तीन आठवडे ती उपाशीपोटी पिल्लं तोंडात वागवते. बायकोने तिला माहेरवाशीण ठरवून अळ्या खाऊ घालायचा घाट घातला होता. पण बहुतेक म्बुनांना मांसाहार फारसा सोसत नाही, पोट फुगून मरू शकतात. बहुतेक शेवाळावर जगणारं खानदान ते. शिवाय तोंडच मोकळं नव्हतं.

भिगवणहून आत्या आली तेव्हा मी लाइट लावून बाजूला उभा राहिलो. तिने पदर सावरत बराच वेळ पाहिलं. "अरे, ही तर चिलापी!" मी सांगायला गेलो की हे मालावीतले आहेत, आफ्रिकेतले. पण चूक माझीच. चिलापीही सिक्लिडच, आणि तीही आफ्रिकेतूनच १९५२ साली भारतात आणलेली. म्हणजे मी टाकीत ठेवलेत ते उजनीच्या जाळ्यातल्या माशांचे चुलत भाऊ. "एवढ्याशा आहेत अजून," आत्या म्हणाली. "मोठ्या झाल्या की कळव."

परवा रात्री सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. कॉर्पोरेशनच्या लाइनचं काम मंजूर झालंय, दिवाळीपर्यंत धरणाचं गोड पाणी सुरू. टाळ्या, फुलं, हात जोडलेले दीडशे मेसेज. खालचे गृहस्थ पेढे घेऊन वर आले. बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी पेढा तसाच हातात धरून जिना उतरलो आणि पंपाच्या खोलीत वॉचमनला हळूच विचारलं, "बोअर बंद नाही ना करणार?"